नळाचं पाणी प्यायला योग्य आहे का, हे घरच्या घरी कसं तपासाल?

आमच्या गावात नळाला दोन दिवसांआड पाणी येतं, तेही पाऊण तास. व्हॉल्व्ह सोडला की आधी नळातून नुसता वारा येतो, मग खोकल्यासारखा आवाज करत तांबूस पाण्याची पहिली धार पडते. वर्षानुवर्षं आम्ही ती पहिली बादलीसुद्धा पिंपात ओतायचो, कारण पाणी मोलाचं. मग एका पावसाळ्यात आमच्या आळीत ओळीने पाच घरांत कावीळ निघाली. त्यात एक सात महिन्यांची गरोदर सून होती. पाणी शुद्धीकरण केंद्रातून व्यवस्थित निघत होतं, टाकीवरही चांगलं होतं. शेवटी खणल्यावर कळलं की गटारातून नेलेला नळजोडणीचा लोखंडी पाईप करंगळी जाईल इतका सडला होता.

तेव्हापासून मी एक गोष्ट भेटेल त्याला सांगतो. लहान गावात पाणी बहुतेक वेळा धरणावर किंवा टाकीवर बिघडत नाही, ते आपल्या आळीत बिघडतं, आणि पुष्कळदा आपल्या घरात. तपासणीही तिथेच करायला हवी, आणि ती आपल्याला करता येते.

हे घडतं कसं, ते आधी समजून घ्या. पाणी चालू असताना पाईपमध्ये दाब असतो, त्यामुळे गळक्या सांध्यातून पाणी बाहेर पडतं. पुरवठा बंद झाला की पाईप रिकामा होतो, दाब उलटा होतो आणि त्याच सांध्यातून बाहेरचं आत ओढलं जातं. सांध्याभोवती गटाराचं पाणी साचलेलं असेल तर तेच आत येतं आणि पुढच्या पाण्याला पहिल्या धारेबरोबर आपल्या हंड्यात पडतं. नळाला थेट टिल्लू मोटर लावली की ही ओढ आणखी वाढते. मोटर लावणारा स्वतःसाठी पाणी ओढतो, पण घाण अख्ख्या आळीच्या पाईपमध्ये येते. म्हणून नळाला थेट मोटर लावू नका. पाणी आधी खालच्या टाकीत पडू द्या आणि तिथून वर चढवा.

आधी पाईप पाहा

पाणी येणार नसेल त्या दिवशी मीटरपासून मुख्य लाइनपर्यंत चालत जा. आपला पाईप गटारातून किंवा गटाराला चिकटून गेला आहे का? कुठे सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली आहे का? शौचालयाचा शोषखड्डा किती जवळ आहे? मग पाणी आल्यावर पुन्हा तीच फेरी मारा. ओलसर माती, गटारात मध्येच दिसणारी स्वच्छ पाण्याची उकळी, खड्ड्यात साचलेलं डबकं, ही गळतीची खूण. पाणी बाहेर येतंय तिथून घाण आतही जाते. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुढे अर्जाला लागतील.

पहिलं पाणी पिंपात नको

पाणी सुटल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं पिण्याचं भरू नका. ते वाया घालवायचं नाही, पायऱ्या धुवायला, झाडांना, संडासाला वेगळ्या बादलीत धरा. रंग निवळला, वास गेला की मग पिण्याचं भरा. या एका सवयीला पैसा लागत नाही आणि माझ्या मते फायदा सगळ्यात जास्त हिचाच.

डोळे आणि नाक

काचेचा ग्लास भरून पांढऱ्या कागदासमोर धरा. पाणी दुधाळ दिसलं आणि ग्लास खालून वर निवळत गेला तर ते हवेचे बुडबुडे आहेत, घाबरू नका. वरून खाली निवळत तळाशी साका बसला तर माती किंवा चुना. येताना स्वच्छ असलेलं पाणी बाटलीत रात्रभर ठेवल्यावर तांबूस झालं तर लोह आहे. भांड्यांवर पांढरे डाग, साबणाला फेस नाही, डाळ शिजायला वेळ, म्हणजे पाणी जड आहे. लोह, चुना आणि जडपणा ही त्रासाची लक्षणं आहेत, पण त्यांनी माणूस सहसा आजारी पडत नाही. सडक्या अंड्याचा किंवा गटाराचा वास, काळपट रंग, मधेच एखाद्या पाण्याला आलेला बुळबुळीतपणा, अशा वेळी मात्र ते पाणी तोंडाला लावू नका.

उलट, औषधाचा वास येतो म्हणून लोक कुरकुर करतात. तो क्लोरीनचा वास आहे आणि तो आला तर बरं वाटायला हवं. माठात काही वेळाने उडून जातो. नेहमी येणारा तो वास अचानक बंद झाला तर काळजी करा.

दहा सेकंदांची ओटी टेस्ट

ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक किंवा नगरपरिषदेचा कर्मचारी छोट्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकताना तुम्ही पाहिला असेल. ती ओटी, म्हणजे ऑर्थोटोलिडीन चाचणी. ही बाटली प्रयोगशाळेचं किंवा पोहण्याच्या तलावाचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळते, आणि आळीत मिळून एक घेतली तरी पुरते. नळी खुणेपर्यंत नळाच्या ताज्या पाण्याने भरायची, बाटलीवर लिहिलेत तितके थेंब टाकायचे, हलवायचं आणि पहिल्या दहा सेकंदांत आलेला रंग पट्टीशी जुळवायचा. पिवळा आला तर क्लोरीन आहे, पाणी तसंच पांढरं राहिलं तर नाही. उशिरा येणारा पिवळेपणा धरू नका. नळीतलं पाणी फेकून द्या, द्रावण हाताला लागू देऊ नका आणि बाटली मुलांच्या हाती पडू देऊ नका.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन सांगितला आहे, आणि विषाणूंपासून बचाव हवा असेल तर किमान ०.५. ही चाचणी टाकीजवळच्या घरात करून उपयोग नाही. लाइनच्या अगदी शेवटच्या घरी करा. टाकीजवळ पिवळा आणि शेवटच्या घरी पांढरा असेल, तर मधे कुठेतरी घाण शिरत असावी आणि क्लोरीन तिच्यावरच खर्च होत असावा. आमच्या आळीत नेमकं हेच होतं, पण तेव्हा आमच्याकडे कुणाकडेच ही बाटली नव्हती.

शंका राहिली तर एच२एस बाटली, म्हणजे मैल्यातले जंतू ओळखणारी चाचणीची बाटली, लावा. खुणेपर्यंत पाणी भरून उबदार जागी ठेवायची. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पाणी काळं झालं तर त्यात मैला मिसळल्याचा दाट संशय धरायचा. टाकून देण्याआधी त्या बाटलीत ब्लीचिंग पावडर घाला, कारण आत जंतू वाढलेले असतात.

टीडीएसच्या आकड्यावर विसंबू नका

आरओ विकायला आलेला माणूस टीडीएस मीटर बुडवतो, आकडा दाखवतो आणि पाणी खराब असल्याचं सांगतो. ते मीटर विरघळलेले क्षार मोजतं, जंतू त्याला दिसत नाहीत. गटार मिसळलेल्या पाण्याचा टीडीएस दोनशे असू शकतो आणि चांगल्या विहिरीचा सहाशे. मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा ५०० आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. धरणाचं पाणी येत असेल तर आरओची गरज बहुतेक नसते. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही ५०० च्या खाली टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओला बंदी घालण्याचे निर्देश दिले होते, कारण शुद्ध पाण्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी तो गटारात सोडतो. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्याची गोष्ट वेगळी, तिथे आरओ चैन नाही. यवतमाळ, नांदेड, चंद्रपूरच्या ज्या भागांत फ्लोराइड आहे, तिथे बोअरचं पाणी तपासल्याशिवाय पिऊच नये.

थंड जारच्या पाण्यालाही हाच नियम लावा. थंड म्हणजे शुद्ध नव्हे. २०२५ च्या सुरुवातीला पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे, म्हणजे गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण वाढले, तेव्हा तिथल्या खासगी आरओ प्लांटचं पाणी तपासलं गेलं आणि अनेक ठिकाणचं पिण्यायोग्य नसल्याचं निघालं.

प्रयोगशाळेत नमुना कसा द्यावा

वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यात, नमुना द्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा व उपविभागीय प्रयोगशाळा माफक शुल्कात तपासणी करून देतात.

जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणायची. नळाचं तोंड पुसून घ्या, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, हात साबणाने धुवा. बाटली विसळू नका, आतलं औषध क्लोरीन मारण्यासाठीच घातलेलं असतं. झाकणाच्या आत बोट लावू नका, वर थोडी जागा सोडून भरा, बर्फाच्या डब्यात ठेवा आणि शक्यतो सहा तासांत, फार तर चोवीस तासांत पोचवा. क्षार, नायट्रेट, फ्लोराइडसाठी मात्र स्वच्छ कॅन त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भरायचा.

अहवाल आला की आधी ई. कोलायची, म्हणजे मैल्यातून येणाऱ्या जंतूची, ओळ वाचा. १०० मिलिलिटरमध्ये तो आढळायलाच नको. मग नायट्रेट ४५ च्या आत आणि फ्लोराइड १ च्या आत आहे का पाहा. फ्लोराइडला दुसरा स्रोत नसेल तर दीडपर्यंत सूट आहे, नायट्रेटला नाही. ही दोन्ही उकळून जात नाहीत, उलट पाणी आटल्याने वाढतात.

पाणी बिघडलं असेल त्या दिवसांत

गढूळ पाण्यात आधी तुरटी फिरवा, निवळू द्या, वरचं पाणी चौपदरी फडक्याने गाळा. मग उकळा किंवा क्लोरीन घाला. क्रम महत्त्वाचा, कारण गाळ असेल तर तोच क्लोरीन खाऊन टाकतो. उकळायचं असेल तर खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. नुसतं कोमट करून उपयोग नाही. मेडिक्लोरसारखं क्लोरीनचं द्रावण किंवा क्लोरीनच्या गोळ्या असतील तर बाटलीवर लिहिलेलं प्रमाण पाळा आणि अर्धा तास थांबून मगच प्या. हा अर्धा तास कुणी पाळत नाही, पण जंतू मरायला तेवढा वेळ लागतोच.

गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीला रोजच्या वापरासाठी अडीच ग्रॅम ताजी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, लागते. प्लॅस्टिकच्या मगात कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी टाकीत घाला. अर्ध्या तासाने ओटी करा, पिवळा आला नाही तर थोडं आणखी. पावडर बंद डब्यात, अंधाऱ्या थंड जागी ठेवा, उघडी राहिली की तिच्यातला क्लोरीन उडून नुसता चुना उरतो. संडास धुण्याचं ॲसिड तिच्या जवळही नको, दोन्ही मिसळली तर विषारी वायू निघतो.

टाकी वर्षातून दोनदा धुवायची. गाळ उपसून घासून घ्या, भरून हजार लिटरला दीडशे ते दोनशे ग्रॅम टीसीएलचं द्रावण घाला, चोवीस तास ठेवा आणि सगळं सोडून द्या. त्या काळात घरातला एकही नळ उघडू नका. झाकण घट्ट बसतंय का, ओव्हरफ्लोच्या पाईपला जाळी आहे का, तेही पाहा. कबुतरं आणि पाली तिथूनच आत येतात.

आता पिण्याचा माठ. हातात धरलेला ग्लास माठात बुडवला की बोटं बुडतात, आणि तिथवर केलेली मेहनत पाण्यात जाते. आमच्या आजीच्या वेळी रांजणाशेजारी लांब दांड्याचं ओगराळं टांगलेलं असे. ते परत आणा, नाहीतर तोटीचा पिंप घ्या. फिल्टरमधून निघालेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, म्हणून ते जास्तच जपायला हवं.

अर्ज करताना

घरात कावीळ निघाली की लोक कालच्या पाण्याला दोष देतात. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचा विषाणू, हिपॅटायटिस ई, शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात. १९५५–५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरून सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली, तीही गढूळ पाणी येऊन काही आठवडे उलटल्यावर. म्हणून कॅलेंडरवर तारीख लिहीत चला: कधी पाणी गढूळ आलं, कधी वास आला, ओटीचा रंग काय होता. गरोदर बाईला ही कावीळ जिवावर बेतू शकते, तेव्हा तिचं पाणी पहिल्या संशयाला उकळायला लागा, अहवालाची वाट पाहू नका.

अर्ज पाणीपुरवठा विभागाला लेखी द्या. एकट्याने नको, आळीतल्या दहा-पंधरा घरांच्या सह्या घ्या. तारखा, फोटो, शेवटच्या घरची ओटी आणि खांबाच्या क्रमांकासह जागा लिहा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या, एक प्रत आरोग्य विभागाला. दाद लागली नाही तर आपले सरकार पोर्टलवर तक्रार टाका. माहिती अधिकारात मागच्या तीन महिन्यांची ओटी नोंदवही आणि तपासणी अहवाल मागा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आमच्याकडे तोंडी सांगून दोन महिने काही हललं नव्हतं. पोच घेतलेला अर्ज गेल्यावर पाचव्या दिवशी रस्ता खणला.

पाईप बदलला की लगेच निर्धास्त होऊ नका. नव्या सांध्यात माती राहिलेली असते. पुढची तीन पाणी उकळूनच प्या, प्रत्येक वेळी शेवटच्या घरी ओटी करा, आणि तिन्ही वेळा पिवळा आला की मग एच२एस बाटली लावून दोन दिवस थांबा.