गोड सोडलं तरी साखर का उतरत नाही? रोजच्या ताटातल्या या चुका टाळा

आईला मधुमेह निघाला त्याच दिवशी साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला. चहा बिनसाखरेचा, लाडू-शिरा बंद. तीन महिन्यांनी तपासलं, तर जेवणानंतरची साखर जिथल्या तिथे. "मी तर गोड चाखतसुद्धा नाही," हे तिचं पालुपद, आणि ते खोटं नव्हतं. मग एका वहीत चार दिवस लिहून काढलं, तोंडात जाईल ते सगळं. गोड काहीच सापडलं नाही. सापडली ती सकाळच्या चहाबरोबरची चार मारी बिस्किटं, अकरा वाजताचा मूठभर चिवडा आणि पाचच्या चहाबरोबरच्या दोन खाऱ्या. यातल्या एकालाही ती 'खाणं' म्हणत नव्हती.

जिभेला गोड लागतं तेवढंच गोड, ही सगळ्यात मोठी चूक. मैदा, पोहे, मुरमुरे, साबुदाणा, भात यांतल्या पिठूळ भागाची पोटात गेल्यावर साखरच होते. चार मारी बिस्किटांत साधारण एका लहान पोळीइतकी कर्बोदकं असतात. चिवडा आणि खारी धरली तर आईच्या हिशेबाबाहेर रोज दीड-दोन पोळ्या जात होत्या. आता पाचच्या चहाबरोबर भाजलेले फुटाणे किंवा थोडे शेंगदाणे असतात. खारीची आठवण अजून काढते, ते वेगळं.

दुसरी चूक भाकरीची. "पोळी सोडली, भाकरी धरली, आता चिंता नाही," असं म्हणणारे घरोघरी भेटतात. ज्वारी-बाजरीत चोथा चांगला आणि पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, हे खरं. पण पिठाला पीठ तोललं तर ज्वारीत आणि गव्हात कर्बोदकं जवळपास सारखीच. शिवाय फुलक्याला पीठ लागतं 25-30 ग्रॅम आणि हातावर थापलेल्या भाकरीला त्याच्या दुप्पट. एकदा परातीत घेण्याआधी पीठ वजनकाट्यावर ठेवून बघा, म्हणजे दोन फुलक्यांऐवजी दोन भाकऱ्या खाल्ल्या की काय होतं ते कळेल.

गुळाचंही तसंच. साखरेऐवजी गूळ, मध किंवा खजूर घातला की रक्ताला फरक कळत नाही. दुकानातली 'साखर न घातलेली' खजूर-अंजीर बर्फी खजुराच्या साखरेवरच गोड झालेली असते.

उपवास हे आपल्याकडचं खास प्रकरण. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे कुणीतरी मधुमेह्याकडे बघूनच म्हटलं असावं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च: 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात 85 ग्रॅमच्या वर कर्बोदकं, प्रथिनं नावाला. खिचडीत बटाटा, सोबत वऱ्याचे तांदूळ आणि रताळ्याचा कीस, म्हणजे तीन-चार पिठूळ पदार्थ एकाच ताटात. उपवास मोडवत नसेल तर राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, दही-काकडी, ताक यांवर भागवा. वऱ्याचे तांदूळ घ्यायचेच तर लहान वाटीभर. आणि गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर निर्जळी उपवासाआधी डॉक्टरांशी बोलाच.

आता ताट. आपल्या पानात डावीकडे कोशिंबीर चमचाभर, चटणीच्या शेजारी, शोभेला. उजवीकडे भाजी बेताची, मधे भाताची मूद आणि त्यावर पातळ वरण. घरात सगळे म्हणतात "वरण खातो ना, प्रथिनं मिळतात". त्या वाटीत डाळ किती आणि पाणी किती, हे पळीनं ढवळून बघावं. हेच ताट फिरवायचं: निम्म्या भागात कोशिंबीर आणि भाजी (बटाटा भाजीत धरायचा नाही), पाव भागात मटकीची उसळ, घट्ट डाळ, अंडं किंवा मासे, आणि उरलेल्या पावात पोळी, भाकरी किंवा भात. खाताना आधी कोशिंबीर-उसळ, भात शेवटी. एवढ्या क्रमानंही जेवणानंतरची साखरेची उसळी कमी होते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

फळं अख्खी खा, रस काढू नका. पेलाभर रसाला तीन-चार संत्री लागतात आणि चोथा गाळणीत राहतो. आंब्याच्या दोन फोडी चालतील, पण त्या दिवशी अर्धी पोळी कमी. पोळीवर आमरस नको.

तपासणीआधी दोन दिवस कडक पथ्य पाळणारे स्वतःलाच फसवतात, कारण एचबीए1सी ही रक्ताची तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगते. नुसती उपाशीपोटीची साखर बघणंही अपुरं. जेवणानंतरची मोजायची ती पहिल्या घासापासून दोन तासांनी, हात धुतल्यापासून नव्हे.

शेवटची चूक धोक्याची: रात्री साखर जास्त निघाली म्हणून गोळी घेऊन जेवण टाळणं. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर त्यानं धाडकन उतरू शकते. घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. मीटरवर 70 च्या खाली दिसलं की तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या, 15 मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा द्या. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-लोण्यामुळे साखर उशिरा चढते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

आमच्याकडे असं एकदाच झालं, रात्री अकराला. आई ओट्याला धरून थरथरत होती आणि मी स्टूल शोधत होतो, कारण साखरेचा डबा वरच्या फळीवर. आता तो खाली, मिठाशेजारी असतो आणि आईच्या पर्समध्ये ग्लुकोजची पुडी.