गोलमध्ये उभं राहायचंय? मग हाशेककडे असं पाहा

कॅनडा-अमेरिकेतल्या मराठी घरांतून हा प्रश्न आता वरचेवर येतो: मुलीला आइस हॉकी खेळायची आहे आणि तिला गोलरक्षकच व्हायचंय, तर सुरुवात कुठून करायची? कधी विचारणारे स्वतःच चाळिशीला टेकलेले असतात. नव्वदच्या दशकात मी शिकायला बफेलोला आलो, तेव्हा त्या शहराच्या संघात डॉमिनिक हाशेक हा चेक गोलरक्षक खेळत होता. तिथेच हा खेळ अंगात भिनला. पुढे ओंटारिओत स्थायिक झाल्यावर हौशी लीगमध्ये पॅड बांधून उभा राहू लागलो. आता शनिवारी सकाळी नवशिक्या गोलरक्षकांना शिकवायला मदत करतो. त्या अनुभवावरून हे लिहितोय.

नवीन मुलं पहिल्या दिवशी येतात ती हाशेकच्या चित्रफिती पाहून. पाठीवर लोळणारा, पाय हवेत फेकणारा, काठी टाकून हाताने पक (खेळातली रबरी चकती) दाबणारा हाशेक त्यांनी पाहिलेला असतो आणि तेच त्यांना करायचं असतं. मी त्यांना एवढंच सांगतो: ती चित्रफीत पुन्हा लावा आणि या वेळी तो लोळण्याच्या आधीचा एक सेकंद पाहा. त्या सेकंदात तो काहीच करत नाही. फटका मारणाऱ्याने आधी हालावं म्हणून तो थांबलेला असतो. तो निराळा ठरला तो या थांबण्यामुळे.

आधी मुळात काम काय आहे ते पाहू. गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. पक म्हणजे तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची रबराची चकती, वजन साधारण सहा औंस, आणि सामन्याआधी ती गोठवून ठेवतात म्हणजे बर्फावर उसळत नाही. व्यावसायिक खेळात जोरदार फटका ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे जातो. जवळून आलेला असा फटका पाहून मग हात हलवायचा म्हटलं तर वेळच उरत नाही. म्हणून गोलरक्षक फटका यायच्या आधीच योग्य जागी असावा लागतो. पकपासून गोलच्या मध्यापर्यंत एक रेघ मनात आखायची, त्या रेघेवर उभं राहायचं आणि छाती पकच्या समोर ठेवायची. एक पाऊल पुढे आलात की मागचा गोल झाकला जातो. जास्त पुढे आलात तर बाजूला पास जातो आणि तुम्ही परत पोचत नाही. किती पुढे यायचं, हा निर्णय सामन्यात शेकडो वेळा घ्यावा लागतो.

आपल्याकडे विकेटकीपिंग केलेल्यांना इथे एक फायदा आहे. चेंडू टप्पा पडेपर्यंत खाली बसून राहायची सवय त्यांच्या अंगात असते, आणि लवकर उठण्याचा मोह आवरणं हेच इथे सगळ्यात अवघड असतं. मात्र त्यांना एक सवय मोडावी लागते. चेंडू हातातच आला पाहिजे असं कीपरला वाटतं, तर गोलरक्षकाला पक अंगाला लागला तरी पुरतो. पकडणं ही पुढची गोष्ट.

हाशेकचा जन्म १९६५ चा, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या पार्दुबित्से गावचा. सहा वर्षांचा असताना वडील त्याला निवडीसाठी घेऊन गेले. धड स्केट्सही नव्हते. बुटांच्या तळाला स्क्रूने पाती बसवलेली होती. नऊ वर्षांच्या मुलांच्या संघाला गोलरक्षक नव्हता आणि हा उंच होता, म्हणून त्याला तिथे उभं केलं. सोळाव्या वर्षी तो देशाच्या वरच्या लीगमध्ये खेळत होता. १९८३ मध्ये एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत शिकागोच्या संघाने त्याला १९९ व्या क्रमांकावर निवडलं, म्हणजे जवळजवळ यादीच्या तळाशी. पण तेव्हा त्या देशातून बाहेर पडून अमेरिकेत खेळणं सोपं नव्हतं. तो तिथे पोचला १९९० मध्ये, पंचविसाव्या वर्षी.

आणि पोचल्यावरही जागा रिकामी नव्हती. शिकागोत एड बेलफोर नावाचा जबरदस्त गोलरक्षक होता. मायदेशात सर्वोत्तम ठरलेला हाशेक इंडियानापोलिसला दुय्यम लीगमध्ये खेळला, नंतर बेलफोरच्या मागे बाकावर बसला. १९९२ मध्ये त्याला बफेलोला देऊन टाकलं. तिथे पुढे ग्रँट फ्युर आला, तोही दिग्गज. फ्युर जखमी झाला तेव्हा हाशेक सलग खेळू लागला आणि १९९३-९४ च्या हंगामात त्याच्यावर झालेल्या गोलांची सरासरी दर सामन्यामागे १.९५ गोल इतकी खाली आली. दोनच्या खालची सरासरी वीस वर्षांत कुणाची नव्हती. तेव्हा त्याने वयाची एकोणतिशी गाठली होती.

हा भाग मी पालकांना मुद्दाम सांगतो. बारा वर्षांचा मुलगा अव्वल संघात निवडला गेला नाही की घरात सुतक पडल्यासारखं वातावरण होतं. गोलरक्षक उशिरा पिकतो. संघात एकावेळी एकच खेळतो, त्यामुळे चांगला असूनही बाकावर बसावं लागणं या जागेला लागूनच आलं आहे. बाकावरच्या काळात हाशेकचा सराव कमी झाला नाही, हे मला त्याच्या बक्षिसांपेक्षा मोठं वाटतं. बक्षिसं तर पुढे आलीच. सर्वोत्तम गोलरक्षकाची वेझिना ट्रॉफी सहा वेळा, आणि १९९७ व १९९८ अशी लागोपाठ दोन वर्षं हार्ट ट्रॉफी, म्हणजे लीगमधल्या सर्वात मोलाच्या खेळाडूचा मान. दोनदा हार्ट मिळवणारा गोलरक्षक दुसरा नाही. कारकिर्दीत त्याने गोलकडे आलेल्या फटक्यांपैकी ९२.२ टक्के अडवले, आणि नावाजलेल्या गोलरक्षकांत हे प्रमाण सर्वाधिक मानलं जातं.

आता शैलीकडे येतो, कारण खरी मौज तिथे आहे. ऐंशीच्या दशकात माँट्रियलच्या पॅट्रिक रुआने ‘बटरफ्लाय’ पद्धत लोकप्रिय केली: गुडघे एकत्र आणून खाली बसायचं, पॅड दोन्ही बाजूंना पसरायचे आणि गोलचा खालचा भाग भिंतीसारखा बंद करायचा. आजचे जवळजवळ सगळे गोलरक्षक याच पद्धतीचे आहेत आणि नवशिक्यानेही हीच शिकावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. हाशेकही खाली बसायचा, बर्फालगतचा भाग आधी झाकायचा. पण पुढचं त्याचं स्वतःचं होतं. खेळाडू जवळ येऊन हुलकावणी देऊ लागला की तो बाजूला लोळून पाय वर उचलायचा. हल्लेखोराला वाटायचं, गोलरक्षक पडला, आता वरचा भाग मोकळा. आणि तिथे नेमका पाय किंवा हात उभा असायचा. सैल पक दिसला की उजव्या हातातली काठी सोडून देऊन तो सरळ हाताने पक दाबायचा. हे नियमात बसतं, पण तोवर असं सर्रास कुणी करत नव्हतं. त्याच्या अंगाची लवचीकता विलक्षण होती, यात वाद नाही.

लोकांना हे सगळं नशिबाचं वाटायचं. नशीब एका रात्री साथ देतं. २७ एप्रिल १९९४ ला न्यू जर्सीविरुद्धचा सामना चौथ्या ओव्हरटाइमपर्यंत गेला. हाशेकने ७० फटके अडवले, एकही गोल दिला नाही आणि बफेलो १-० ने जिंकलं. समोर एकवीस वर्षांचा मार्टिन ब्रोदूर होता, त्यानेही ४९ अडवले. एकवेळ त्या रात्रीला नशीब म्हणू. पण १९९८-९९ च्या हंगामात त्याने ९३.७ टक्के फटके अडवले. हंगामभर रोज नशीब येत नाही. तो पकच्या जोडीला खेळाडूचे खांदे, काठीचं पातं आणि पासला मोकळा असलेला दुसरा गडी हे सगळं वाचत होता. लोळणं हे त्या वाचनाचं शेवटचं वाक्य होतं.

नागानोचं ऑलिंपिक पाहा, फेब्रुवारी १९९८. हाशेकच्या चेक संघाचा उपांत्य सामना कॅनडाविरुद्ध, १-१ बरोबरी, मग पेनल्टी फटके. फ्लुरी, बुर्क, न्यूएनडाइक, लिंड्रॉस, शॅनाहन. पाच जण आले, एकालाही गोल करता आला नाही. पलीकडे रुआ उभा होता, त्याला रॉबर्ट रायखेलने चकवलं. अंतिम सामन्यात रशियाला चेकांनी १-० ने हरवलं. त्या पाच फटक्यांत हाशेक घाईने पडताना दिसत नाही. तो पुढे येतो, खेळाडूच्या वेगाने मागे सरकतो आणि पहिली हालचाल समोरच्याला करायला लावतो. विद्यार्थ्यांना मी हे आवाज बंद करून आणि वेग कमी करून दाखवतो. ‘आधी कोण हाललं?’ एवढा एकच प्रश्न विचारतो.

आता व्यवहाराच्या गोष्टी. गोलरक्षक होण्याआधी मुलाला एक-दोन हंगाम साधा खेळाडू म्हणून खेळू द्या. ‘स्केटिंग जमत नाही म्हणून गोलमध्ये ठेवा’ हा सल्ला अगदी उलटा आहे. गोलरक्षकाला संघातलं सगळ्यात नेमकं स्केटिंग यावं लागतं: एका पायावर जोर देऊन दुसऱ्या दिशेला सरकणं, जागच्या जागी थांबणं, गुडघ्यावर बसून घसरणं, उठताना योग्य पाय आधी टेकवणं. आमच्या सरावात पहिला बराच वेळ पक नसतोच. मुलं कंटाळतात, पालक काचेपलीकडून खुणा करतात, तरी आम्ही बदलत नाही.

साहित्य महाग असतं. पॅड, ब्लॉकर (काठी धरायच्या हातावरचा ढालीसारखा मोजा), पकडायचा हातमोजा हे वापरलेले घेतले तरी चालतात. पुष्कळ रिंकजवळच्या दुकानांत ते मिळतात आणि काही क्लब लहान मुलांना वापरायला देतात. मुखवटा मात्र नवा, प्रमाणित आणि डोक्याला घट्ट बसणाराच घ्या. गळ्याचं संरक्षक विसरू नका. माँट्रियलच्या जाक प्लाँतने १ नोव्हेंबर १९५९ ला चेहऱ्यावर फटका बसल्यानंतर सामन्यात मुखवटा घातला आणि पुढे तो वापरत राहिला. त्याआधीचे बहुतेक गोलरक्षक उघड्या चेहऱ्याने खेळत. आणखी एक: ‘वाढत्या अंगाचं’ म्हणून दोन मापं मोठं घेण्याची आपली रीत इथे सोडून द्या. पॅड मोठा असला तर गुडघा त्याच्या गादीवर टेकत नाही, पॅड उलटा फिरतो आणि मूल बर्फावर आपटतं. गोलरक्षकाचे स्केट्सही वेगळे असतात, पातं अधिक सपाट आणि बूट बर्फाला जवळ. साध्या स्केट्सवर फार काळ काढू नका.

नजरेचा सराव घरी होतो. बफेलोत हाशेकबरोबर काम केलेले प्रशिक्षक मिच कॉर्न पांढरे पक वापरण्यासाठी ओळखले जातात. पांढऱ्या बर्फावर पांढरा पक, त्यामुळे नजर शेवटपर्यंत चिकटवून ठेवावीच लागते. आम्ही भिंतीवर टेनिसचा चेंडू मारून झेलायला लावतो आणि चेंडू हातात शिरेपर्यंत हनुवटी खाली ठेवायला सांगतो. आकडे मात्र मुलांपासून दूर ठेवतो. वीसपैकी सतरा अडवले म्हणजे ८५ टक्के. पण ते तीन गोल समोरच्या गर्दीतून आले की मोकळ्या फटक्यावर, हे त्या टक्क्यात दिसत नाही. गाडीतून घरी येताना ‘तो तिसरा गोल कसा गेला?’ असं विचारू नका. त्याने तो आधीच मनात पंधरा वेळा पाहिलेला असतो.

मोठ्या वयात सुरू करणाऱ्यांसाठी बातमी चांगली आहे. हौशी लीगमध्ये गोलरक्षकांचा कायम तुटवडा असतो. पुष्कळ संघ त्यांच्याकडून पैसे घेत नाहीत, आणि शिकाऊ असलात तरी बोलावणं येतं. टोरांटोत २२ फेब्रुवारी २०२० ला एनएचएलमधल्या कॅरोलायना संघाचे दोन्ही गोलरक्षक जखमी झाले आणि राखीव म्हणून हजर असलेला बेचाळीस वर्षांचा डेव्हिड एअर्स मैदानात उतरला. रिंकवर बर्फ सारखं करणारी गाडी चालवणारा हा माणूस. मूत्रपिंड प्रत्यारोपणही झालेलं. पहिले दोन फटके आत गेले, पुढचे आठ त्याने अडवले आणि कॅरोलायना ६-३ ने जिंकलं. मात्र चाळिशीत कंबर आणि जांघेचे स्नायू आधी तयार करा. बटरफ्लायमध्ये गुडघे आत वळतात, नितंबाच्या सांध्यावर ताण येतो. हाशेकलाही जांघेच्या दुखापतीने अनेकदा छळलं, २००६ च्या ट्यूरिन ऑलिंपिकमध्ये तर त्याला पहिल्याच सामन्यातून बाहेर पडावं लागलं. तरी त्याने २००२ मध्ये सदतिसाव्या वर्षी डेट्रॉइटकडून पहिला स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला, आणि २०१० मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी गावच्या पार्दुबित्से संघाला चेक विजेतेपद मिळवून दिलं.

महाराष्ट्रातून कुणी विचारतं तेव्हा मी लडाखचं नाव घेतो; भारतातली आइस हॉकी खऱ्या अर्थाने तिथे आहे, आणि भारताच्या महिला संघात तिथल्याच मुलींचा भरणा आहे. पुण्या-मुंबईत स्केटिंग क्लबांत चाकांच्या स्केट्सवरची हॉकी खेळायला मिळाली तर ती जरूर खेळा. फरशीवर बर्फासारखं घसरता येत नाही, पण रेघ आखून उभं राहणं आणि समोरच्याला आधी हलायला लावणं तिथेही शिकता येतं.

पहिल्या हंगामासाठी एवढंच ठरवा: प्रत्येक सरावात एक गोष्ट. आधी जागा, मग थांबणं, मग खाली बसणं, मग उठणं. पक परत उसळतो तो कुठे ढकलायचा हे त्यानंतर. लोळण्याची वेळ येईल तेव्हा शरीर आपोआप लोळेल, ते शिकवावं लागत नाही.