मेंदूविकारांच्या बायोमार्करसाठी सरकारी अनुदान मागताना या चुका टाळा

कोल्हापुरातल्या छोट्या निदान-कंपन्यांचे अनुदानाचे अर्ज सादर होण्यापूर्वी मी वाचून देतो. त्यांतले मेंदूविकारांच्या बायोमार्करवरचे (म्हणजे रक्तातल्या एखाद्या प्रथिनासारख्या, आजाराची मोजता येणारी खूण असलेल्या घटकावरचे) अर्ज, कल्पना चांगली असूनही, पडताळणी म्हणजे नेमके काय करणार हे कागदावर न उतरल्यामुळे मागे पडताना पाहिले की फार हळहळ वाटते.

पहिली चूक दार चुकण्याची. इंटरनेटवर शोधले की अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ न्यूरोलॉजिकल डिसऑर्डर्स अँड स्ट्रोक या संस्थेच्या लघुउद्योग योजना समोर येतात; त्या अमेरिकेतल्या कंपन्यांसाठीच आहेत. आपला अर्ज जाईल तो बायरॅककडे, म्हणजे जैवतंत्रज्ञान उद्योगाला साहाय्य करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे, आणि सुरुवातीच्या टप्प्यासाठी तिथली बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट ही ५० लाख रुपयांपर्यंत आणि १८ महिन्यांसाठीची योजना आहे. तरीही त्या अमेरिकी घोषणा अवश्य वाचाव्यात, कारण त्यांत अ‍ॅनॅलिटिकल आणि क्लिनिकल अशा दोन पडताळण्या वेगवेगळ्या मांडलेल्या आहेत. चाचणी तोच नमुना पुन्हा मोजल्यावर तोच आकडा देते का, हा पहिलीचा प्रश्न. त्या आकड्यावरून रुग्णाबद्दल काही खात्रीने सांगता येते का, हा दुसरीचा. आपल्याकडच्या अर्जांत या दोन्हींची सरमिसळ सर्रास आढळते.

त्याहून महाग पडणारी चूक म्हणजे बायोमार्करचा उपयोग मोघम ठेवणे. न्यूरोफिलामेंट लाइट चेन हे प्रथिन चेतापेशींच्या तंतूंना इजा झाली की रक्तात वाढते, मग कारण मल्टिपल स्क्लेरोसिस असो, पक्षाघात असो वा डोक्याला लागलेला मार. शिवाय ते वयानुसार आणि मूत्रपिंड कमकुवत असले तरीही वाढते. त्यामुळे ‘मेंदूविकारांचे लवकर निदान’ या शब्दांवरून परीक्षकाला काहीच ठरवता येत नाही. ‘पार्किन्सन्स आणि त्यासारखे दिसणारे इतर विकार यांत फरक करण्यासाठी न्यूरोलॉजिस्टला मदत’ असे लिहिले, की कोणते रुग्ण घ्यायचे आणि तुलना कोणाशी करायची हे आपोआप ठरते. तुलनेसाठी कॉलेजातले निरोगी तरुण घेऊ नयेत. ओपीडीत शंका ज्या रुग्णांबाबत येते, तेच घ्यावेत.

रुग्णसंख्येचा हिशोबही आधीच करावा. २० रुग्णांपैकी १८ जणांचा आजार चाचणीने ओळखला तर संवेदनशीलता ९० टक्के दिसते, परंतु एवढ्या थोड्या संख्येत खरा आकडा साधारण ७० ते ९७ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो.

नमुन्यांबाबत मात्र थोडे सविस्तर सांगायला हवे. माझ्याकडे आलेल्या एका मसुद्यात ‘रुग्णालयाकडून नमुने घेऊ’ एवढेच वाक्य होते. रक्त काढल्यापासून प्लाझ्मा (रक्तातला द्रवभाग) वेगळा होईपर्यंत किती वेळ जातो, असे मी विचारले, तेव्हा कंपनीकडे उत्तर नव्हते, आणि चौकशीअंती कळले की सकाळच्या नळ्या दुपारपर्यंत टेबलावरच पडून असत. अ‍ॅमिलॉइड बीटा या अल्झायमरशी निगडित प्रथिनाच्या मोजणीसाठी हे घातक आहे: वेळ जाईल तशी त्याची पातळी घसरते, शिवाय ते नळीच्या आतल्या भिंतीला चिकटते, म्हणून पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या नळ्या वापरतात. नळीचा प्रकार, सेंट्रिफ्यूजची (नमुना वेगाने फिरवून प्लाझ्मा वेगळा करणाऱ्या यंत्राची) वेळ, उणे ८० अंशांचा फ्रीझर आणि नमुना किती वेळा वितळला याची नोंद, हे सारे अर्जात असावे. २०१९ च्या पुरात कोल्हापूरजवळ शिरोली इथे पुण्याकडे जाणारा महामार्ग अनेक दिवस बंद होता. पुण्याच्या प्रयोगशाळेवर विसंबणाऱ्यांनी पावसाळ्यात नमुने इथेच साठवण्याची सोय आणि जनरेटरचा खर्च अंदाजपत्रकात धरावा.

रुग्णांवरच्या संशोधनाला मान्यता देणाऱ्या नैतिकता समितीची परवानगी अनुदान मंजूर झाल्यावर मागू, असे अनेकजण ठरवतात. समितीची बैठक, तिचे आक्षेप आणि मराठी संमतीपत्रातल्या दुरुस्त्या यांत महिने जातात, आणि अनुदानाचे पुढचे हप्ते ठरलेले टप्पे पूर्ण झाल्यावरच मिळत असल्याने पहिलाच टप्पा अडतो. निदान समितीकडे प्रस्ताव दाखल केल्याची पोच अर्ज भरण्यापूर्वी हाती असावी.