विद्यापीठातला व्याख्यान सप्ताह: आखणी आणि खाचाखोचा

पुण्यात व्याख्यानाला श्रोते मिळतात. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही भरते. घोळ होतो तो वेळेचा. म्हणून जाहीर व्याख्यानं आणि चर्चासत्रं एकाच दावणीला बांधू नका.

चर्चासत्र सकाळी ११ ते १, विभागातच, तीस-चाळीस खुर्च्यांच्या खोलीत. निबंधाला २० मिनिटं, चर्चेला १०. म्हणजे दोन तासांत चारच निबंध. कुणाच्या आग्रहाखातर पाचवा घुसवला की कात्री चर्चेलाच लागते.

जाहीर व्याख्यान संध्याकाळी सहाला. त्या सुमाराला विद्यापीठ चौक तुंबलेला असतो, तेव्हा वक्त्याला पाऊण तास आधी बोलवा. आवार चारशे एकरांच्या वर आहे. पत्रिकेवर नुसतं ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’ छापून भागत नाही. प्रवेशद्वार, इमारत, मजला आणि गाड्या कुठे लावायच्या, तेही लिहा.

दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, परिचय, सत्कार हे सगळं दहा मिनिटांत उरका. परिचय दीडशे शब्दांचा, वक्त्याला आधी दाखवून घेतलेला. अध्यक्षीय समारोप पाच मिनिटं (हे अध्यक्षांना फोनवरच सांगावं, व्यासपीठावर चिठ्ठी पाठवून नव्हे).

सादरीकरण आदल्या दिवशी मागवा, आणि पीडीएफही मागा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मराठी मजकूर सभागृहातल्या लॅपटॉपवर उघडला की पडद्यावर ‘¶ÖÖ’सारखी अक्षरं उमटतात, तो फॉन्ट त्या यंत्रात नसतो म्हणून. पीडीएफ करताना फॉन्ट आतच जोडला गेला, तर हा प्रश्न येत नाही. लॅपटॉप एचडीएमआयचा आणि प्रोजेक्टर व्हीजीएचा निघतो, तेव्हा अॅडॉप्टर हाताशी हवा. माईक स्पीकरच्या समोर आला की शिट्टी वाजते, कारण स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरून पुन्हा मोठा होत राहतो. स्पीकर माईकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवा. कॉर्डलेस माईकचे सेल रोज बदला.

प्रश्नोत्तरांत फिरता माईक स्वयंसेवकाच्याच हातात राहू द्या. श्रोत्याच्या हाती गेला की प्रश्नाचं भाषण होतं. त्यापेक्षा चिठ्ठ्या बऱ्या.

चहा माणशी १०० मिली धरा. शंभर जणांना दहा लिटर. वक्त्याच्या प्रवासखर्चाच्या अर्जावर सही, मूळ तिकीट आणि रद्द केलेला चेक तो निघण्याआधीच घ्या. नंतर कागद गोळा करण्यात महिने जातात.