पेन ड्राइव्ह फॉरमॅट करताना ‘अ‍ॅलोकेशन युनिट’चं काय करायचं?

जत्रेतलं नाटक रात्रभर चालतं, त्यामुळे त्याचा व्हिडिओ सहज ६-७ जीबीचा होतो. मग फोंड्यातल्या एखाद्या मंडळात कुणीतरी ३२ जीबीचा कोरा पेन ड्राइव्ह लावतो आणि संगणक सांगतो, फाइल फार मोठी आहे. ड्राइव्ह बिघडलेला नसतो, तो ‘फॅट३२’ या फाइली साठवण्याच्या पद्धतीत फॉरमॅट केलेला असतो. त्या पद्धतीत फाइलचा आकार ३२ बिटांत नोंदतात, म्हणून कुठलीही एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. बाकी कितीही जागा रिकामी असो.

फॉरमॅट करण्याआधी एक गोष्ट बघून घ्या. विंडोजमध्ये कुठल्याही फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. ‘साइज’ आणि ‘साइज ऑन डिस्क’ असे दोन आकडे दिसतील, आणि दुसरा बहुधा मोठा असेल. डिस्कवरची जागा ठरावीक मापाच्या तुकड्यांत वाटली जाते. या तुकड्याला क्लस्टर किंवा अ‍ॅलोकेशन युनिट म्हणतात. जत्रेच्या फेरीत आखून दिलेल्या जागेसारखंच हे: खाजेवाल्याने अर्धीच वापरली तरी उरलेल्या अर्ध्यात दुसरा गाडा लागत नाही.

आता भजनांच्या शब्दांच्या १,००० फाइली घ्या, प्रत्येकी जेमतेम १ केबीची. ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हवर फॅट३२ऐवजी ‘एक्सफॅट’ ही पद्धत निवडली तर विंडोज आपणहून १२८ केबीचा क्लस्टर ठेवतं. म्हणजे १ एमबीहून कमी मजकूर १२५ एमबी जागा खातो! ‘एनटीएफएस’ या आणखी एका पद्धतीच्या ४ केबी क्लस्टरवर तेच काम ४ एमबीच्या आत होतं.

मग फॉरमॅट करायला घ्या. आतलं सगळं आधी दुसरीकडे कॉपी करा, कारण फॉरमॅटनंतर यादी कोरी होते. ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘फॉरमॅट’ निवडा आणि ड्राइव्हचं अक्षर दोनदा तपासा.

‘फाइल सिस्टिम’मध्ये नाटकाच्या व्हिडिओंसाठी एक्सफॅट घ्या, मॅक आणि विंडोज दोन्हींवर लिहिता-वाचता येतं. फक्त विंडोजला जोडून ठेवायची हार्ड डिस्क असेल तर एनटीएफएस. देवळातल्या साउंडवाल्याचं जुनं मशीन मात्र पुष्कळदा फॅट३२च ओळखतं. आरतीची गाणी त्याला द्यायची तर तेच ठेवा, एमपी३ला ४ जीबीची अडचण येत नाही.

‘अ‍ॅलोकेशन युनिट साइज’ला बहुतेक वेळा हात लावू नये, असं माझं मत. मोठ्या व्हिडिओंना मोठा क्लस्टर सोयीचाच असतो. प्रत्येक फाइलमागे फार तर शेवटचा तुकडा अर्धवट राहतो. बारीकसारीक फाइलींचा ढीग असेल तेव्हाच ४ केबी निवडा. किंवा फॉरमॅटच्या भानगडीत न पडता त्या सगळ्या एका झिपमध्ये बांधा.

शेवटी ‘क्विक फॉरमॅट’ची खूण. ती असली की नोंदी तेवढ्या पुसतात, जुन्या फाइलींतला मजकूर बराच काळ तसाच पडून असतो आणि रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने काढता येतो. स्वतःच्या वापरासाठी तेवढं पुरे. पेन ड्राइव्ह दुसऱ्याला कायमचा देणार असाल तर ती खूण काढा, ‘स्टार्ट’ दाबा आणि दुसऱ्या कामाला लागा. वेळ लागतो.