डोक्याला मार लागलेल्या माणसाला हळदीची कॅप्सूल द्यायची का? आधी एवढं तपासा

मागच्या वर्षी मामा गाडीवरून पडले, डोक्याला मार लागला, आठ दिवस आयसीयूत होते. घरी आणल्यावर आठवड्याभरात टीव्हीशेजारी बाटल्यांची रांग लागली, कुणी ब्राह्मी आणली, कुणी अश्वगंधा, मावशीने हळदीच्या कॅप्सूल पाठवल्या. सगळ्यांची माया खरी होती, पण देण्याआधी काय बघायचं हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून लिहितोय.

आधी एक गोष्ट, मार नुकताच लागला असेल आणि माणूस सारखा उलट्या करतोय, झोपेत जातोय, फिट आली, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसतेय किंवा नाका-कानातून पाण्यासारखं येतंय तर सरळ १०८ लावा. शुद्ध नीट नसेल तर हळद-दूधच काय, पाणीसुद्धा तोंडात घालू नका, श्वासनलिकेत जातं.

आता दावे कसे वाचायचे. मार लागतो एका क्षणात पण नंतर कित्येक तास, दिवस मेंदूत सूज आणि पेशींची झीज चालूच राहते, ती थांबवता येईल का म्हणून हळदीतल्या कर्क्युमिनसारख्या द्रव्यांवर संशोधन चाललंय. २००६ साली अमेरिकेत यूसीएलए या विद्यापीठातल्या प्रयोगात कर्क्युमिन खाल्लेल्या उंदरांची शिकण्याची क्षमता मार लागूनही चांगली टिकली. पण बारकाईने बघा, त्यांना कर्क्युमिन मार लागायच्या *आधी* ४ आठवडे दिलं होतं! आपला माणूस तर पडून झालेला असतो. म्हणून कुठलाही दावा दिसला की विचारा, उंदीर का माणूस, आधी का नंतर, डोस किती. प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचंही असंच झालं, प्राण्यांमध्ये आशादायक होतं, २०१४ मध्ये दोन मोठ्या ट्रायल्सचे, म्हणजे माणसांवरच्या चाचण्यांचे निकाल आले, मिळून २००० पेक्षा जास्त पेशंट, फायदा काही दिसला नाही.

मग बाटलीचं लेबल. मावशीच्या बाटलीवर बारीक अक्षरात कर्क्युमिनसोबत 'पायपरिन' लिहिलं होतं, म्हणजे मिरीचा अर्क. तो घालतात कारण हळदीत कर्क्युमिन जेमतेम ३ टक्क्यांच्या आसपास आणि तेही अंगी फारसं लागत नाही. १९९८ च्या बंगळुरूच्या अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर ते रक्तात साधारण वीसपट मिळालं. पण हेच पायपरिन काही औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवतं आणि त्यात फेनिटॉइन आहे, डोक्याला मार लागल्यावर फिट येऊ नये म्हणून देतात ती गोळी. तिचं प्रमाण थोडं जास्त झालं तरी माणूस झोकांड्या खातो, डोळे थरथरतात, गुंगी येते, आणि घरच्यांना वाटतं माराचाच त्रास आहे! म्हणून फिटची गोळी चालू असेल तर अशी कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जिन्को (एका झाडाच्या पानांचा अर्क) आणि लसणाच्या कॅप्सूललाही हाच नियम.

ब्राह्मीत अजून एक घोळ, बाजारात त्या नावाने दोन वेगळ्या वनस्पती मिळतात, बकोपा आणि मंडूकपर्णी. लेबलवर शास्त्रीय नाव नसेल तर घेऊच नका.

डॉक्टरांकडे जाताना नुसती नावं सांगू नका, सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या, फिटची गोळी पण सोबत ठेवा. कवटीचं हाड परत बसवायचं ऑपरेशन ठरलं असेल तर ते आवर्जून सांगा, अशी सप्लिमेंट्स साधारण दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात. डॉक्टर हो म्हणाले तरी एका वेळी एकच सुरू करा आणि तारीख वहीत लिहा, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. आपल्याकडच्या ट्रायल्स सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीच्या साइटवर नोंदलेल्या असतात, कुणी ट्रायलचं नाव सांगितलं तर तिथे शोधा.

मामांच्या भाजी-आमटीतली हळद आम्ही चालूच ठेवली, त्याला कुणी नको म्हटलं नाही. कॅप्सूल मात्र फिटची गोळी बंद होईपर्यंत कपाटात ठेवल्यात, आणि मावशीला फोन करून कारण नीट समजावून सांगितलं.