पाऊस सरकला, आभाळ निवळलं, आता पुढचे आठ दिवस शेतात काय करायचं

दरवर्षीचाच खेळ आहे हा. ऑक्टोबर संपता संपता नाहीतर नोव्हेंबरात तीन-चार दिवस आभाळ भरून येतं, कुठे नुसता शिडकावा कुठे धो धो, आणि मग एका सकाळी उठून बघावं तर आभाळ निळंशार, वारा उत्तरेचा आणि अंगणात अनवाणी पाय टेकवत नाही इतका गारवा. ग्रुपवर लगेच सुरू, सुटलो बाबा एकदाचे, चला काढा ट्रॅक्टर. जरा थांबा मंडळी. पाऊस जेवढं नुकसान करतो तेवढंच पुढच्या पाच-सात दिवसांत आपण आपल्या घाईने करून घेतो, म्हणून हे लिहितोय.

आधी वाऱ्याचं समजून घ्या. टीव्हीवर कोल्ड फ्रंट कोल्ड फ्रंट (थंड हवेची आघाडी) म्हणतात तो काही आपल्या बांधावर येत नाही. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून सरकत येणारी पावसाची यंत्रणा, भूमध्य समुद्राकडून येतो, हिमालयात बर्फ टाकतो आणि पुढे सरकला की त्याच्या मागचे कोरडे थंड वारे राजस्थान, मध्य प्रदेशावरून खानदेशात उतरतात. म्हणून गारठा आधी धुळे-जळगावला, मग निफाडला, मग नगर-मराठवाड्याकडे. सांगली-सोलापूरचं मात्र वेगळं, तिकडे याच दिवसांत बंगालच्या उपसागरात काही शिजत असेल (तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस डिसेंबरपर्यंत चालूच असतो) तर पूर्वेचा दमट वारा येत राहतो आणि ढग काही हटत नाहीत. त्यामुळे निफाडवाल्याचा मेसेज वाचून सांगलीच्या तासगाववाल्याने फवारणी बंद करू नये.

आता मुद्द्याचं. आभाळ फाकलं की सगळे म्हणतात हवा कोरडी झाली. लगेच नाही होत. पहिले दोन-तीन दिवस जमीन ओलीच असते, रात्री आभाळ मोकळं, वारा पडलेला, मग जमिनीतली ऊब भराभर वर निघून जाते आणि पहाटे दव नाहीतर दाट धुकं. ढगाळ रात्र म्हणजे रानावर गोधडी टाकल्यासारखं असतं, ती गोधडी काढली की गार पडणारच. उत्तरेचा वारा दिवसरात्र लागून राहिला की मग खरा कोरडा गारठा. म्हणजे एकाच आठवड्यात दोन हवामानं असतात, आधी ओलं गार मग कोरडं गार, आणि दोन्हीत रोग वेगळे. इथेच औषधाचे पैसे वाया जातात.

द्राक्षवाल्यांना हे सगळ्यात जास्त भोवतं. ऑक्टोबर छाटणी होऊन बाग पोंगा ते दोडा अवस्थेत (डोळा फुटण्यापासून घडावर कळ्या दिसेपर्यंत) असते. दिवसा पाऊस नाही म्हणून माणूस निर्धास्त, आणि पहाटे सहाला बागेत जाऊन पान उलटून बघितलं तर थेंब लोंबतोय, नऊ वाजले तरी लोंबतोय. डाऊनीला (केवडा, पानावरचा बुरशीचा रोग) पाऊसच लागतो असं कोणी सांगितलं? पान काही तास ओलं राहिलं की तिचं काम झालं. पानावर वरून तेलकट पिवळा डाग आणि बरोबर त्याच्या खाली पांढरी लव दिसली की समजायचं. कॅनॉपी (पानांचा पसारा) दाट असेल तर फेल काढणी (नको त्या फुटी काढणं) उरकून घ्या, वारा खेळू द्या. सकाळी तारा हलवून नाहीतर नुसता ब्लोअर फिरवून पाणी झटकून टाका, हे काम औषधाइतकंच मोलाचं आहे आणि लोक ते करायला कंटाळतात. दवात भिजलेल्या पानावर फवारू नका, सगळं ओघळून खाली जातं, पान सुकल्यावर मारा किंवा दुपारनंतर अशा बेताने मारा की दव पडायच्या आत वाळेल. एकाच गटाचं बुरशीनाशक परत परत नको, अझॉक्सीस्ट्रॉबिनच्या गटाला डाऊनी आता फारशी जुमानत नाही. एक्स्पोर्टचा माल असेल तर काढणीपूर्व दिवसांची (शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं त्याची) वही समोर ठेवूनच डबा उघडा. नंतर दव कमी झालं, हवा कोरडी झाली की भुरीचा (पांढऱ्या भुकटीसारखी दिसणारी दुसरी बुरशी) नंबर, तेव्हा डाऊनीचंच औषध मारत बसू नका. आणि मुळं पाण्यात असताना युरिया तर अजिबात नको, घड जिरायला (कोवळा घड वाळून नाहीसा व्हायला) आमंत्रण आहे ते.

पेरणी. वाफसा (पेरणीजोगी बेताची ओल) आला का हे कॅलेंडर बघून कळत नाही. वीतभर खालची माती मुठीत दाबा, गोळा झाला आणि अंगठ्याने टोचल्यावर भुगा होऊन पडला तर चला. अंगठ्याला चिकटली, चकाकली, तर ट्रॅक्टर घरी ठेवा. मी एका वर्षी काळ्या रानात दोन दिवस आधी रोटर घातला होता, अशी ढेकळं निघाली की संक्रांतीपर्यंत पायाला टोचत होती, हरभरा तर ठिगळं लावल्यासारखा उगवला.

बागायती हरभऱ्याला साधारण २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर हा काळ धरतात, तेव्हा दोन-चार दिवस वाफशाची वाट बघितली म्हणून आभाळ कोसळत नाही. चिबड (पाणी धरून राहणाऱ्या) रानात पेरला तर मात्र मर (रोपं वाळवणारा बुरशीचा रोग) लागणारच. बियाण्याला किलोमागे ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (मित्रबुरशी) आणि १० किलोला २५० ग्रॅम रायझोबियम (जिवाणू खत) चोळून, सावलीत सुकवून पेरा. गव्हाची तर अजिबात घाई नको, १ ते १५ नोव्हेंबर चांगली वेळ आणि गारवा त्याला हवाच असतो. दिवस तापलेले असताना पेरलेला गहू फुटवे कमी धरतो. पहिलं पाणी १८ ते २१ दिवसांनी, ते मात्र चुकवू नका.

कांदा. उन्हाळी कांद्याची रोपं टाकली असतील तर गादीवाफ्याच्या कडेची चारी उघडी आहे का ते आधी बघा, मग फवारणीचं बोला. पाणी साचलं की रोप मानेत मऊ पडून आडवं होतं, तिथे वरून कितीही औषध मारा. रांगड्या कांद्यावर (खरीप-रब्बीच्या मधला) पातीला जांभळट लांबट चट्टे दिसले तर मॅन्कोझेब १० लिटरला २५ ग्रॅम, स्टिकर टाकूनच, कांद्याच्या पातीवर थेंब थांबत नाही. हवा कोरडी झाली की फुलकिडे वाढतात, पात वाकवून मधल्या पोंग्यात बघायची सवय ठेवा.

तूर फुलात असते नेमकी. ढग आणि धुक्यात थोडी फुलं गळणारच, लगेच दुकानात जाऊन टॉनिकची बाटली आणू नका. झाडाखाली जुनी साडी अंथरा आणि झाड हलवा, अळ्या खाली पडतात, मोजा आणि मग ठरवा. हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा, दोन-तीन दिवस सलग ८-१० पतंग येत असतील तर फवारणीचं बघा, अळ्या बारीक असतील तर ५ टक्के निंबोळी अर्काने भागतं. कापूस दव सुकल्यावरच वेचा. ओला कापूस गाठोड्यात बांधून घरात टाकला की गरम होतो, पिवळा पडतो, आणि सीसीआयला (सरकारी कापूस खरेदी) १२ टक्क्यांच्या वर ओल चालत नाही.

केळीवाल्यांनी थंडी उतरायच्या आधी वारा अडवायला उत्तरेच्या अंगाला नेट नाहीतर शेवरीची ओळ बघून घ्यावी. गारठ्याच्या रात्री विहिरीचं पाणी द्या, ते हवेपेक्षा उबदार असतं, आणि बांधावर थोडा धूर.

मोबाईलवरचं किमान तापमान तुमच्या रानाचं नसतं हेही लक्षात ठेवा. मी ओढ्याकडच्या तुकड्यात आणि वर माळावर एकेक साधा थर्मामीटर टांगलाय, निवांत रात्री खालचा दोन-तीन अंश कमीच दाखवतो, गार हवा पाण्यासारखी उताराने खाली येऊन साचते. रोपवाटिका अशा खोलगटात नकोच. बाकी अंदाजासाठी हवामान खात्याचं मेघदूत ॲप आहे, जिल्ह्याचं बुलेटिन मंगळवारी आणि शुक्रवारी येतं, ते वाचत चला, फॉरवर्ड झालेल्या चक्रीवादळाच्या मेसेजपेक्षा बरं.

आणि एक, थंडी पडली म्हणून ती टिकेलच असं नाही. दोन रात्री लागोपाठ गारठा कमी वाटला, वारा उत्तरेचा सोडून दक्षिणेकडून नाहीतर पूर्वेकडून यायला लागला आणि पश्चिमेला पिसासारखे पातळ ढग उंच दिसले, तर मागून पावसाची पुढची सिस्टीम येत असू शकते. तेव्हा खळ्यावर सोयाबीन-मका पडला असेल तर ताडपत्री संध्याकाळीच टाका, कडेला विटा ठेवा, आणि ढिगाखाली पाणी जाणार नाही अशी चर काढून ठेवा.